राहदारी : नगर हवेलीच्या इतिहासातील घरगुती सामानाचा प्रश्न

दादरा व नगर हवेलीचा इतिहास सांगताना आपण साधारणतः तीन तारखांचा उल्लेख करतो. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले, २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विधिवत विलीन झाला. या तारखांमागील धाडस व त्याग यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. राजा वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे आपल्या घरांत आजही आदराने घेतली जातात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याहून साधा आहे. समुद्रापलीकडून दमणच्या बंदरात उतरलेली कपड्यांची पेटी, एखादे घड्याळ, औषधांची बाटली किंवा स्वयंपाकघरातील एखादी वस्तू मधला परका मुलूख ओलांडून सिल्वासापर्यंत कोणत्या अधिकाराने येत असे, हा तो प्रश्न होय. हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यावर निर्णय दिला आहे, आणि त्या निर्णयातील एक सूत्र आज आपल्या मुलानातवंडांनी परदेशांतून पाठविलेल्या पार्सलालाही लावून पाहण्यासारखे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. जुन्या मराठी कागदपत्रांत मालावरील करास ‘जकात’ किंवा ‘हशील’ म्हणत, आणि माल अथवा माणूस मुलखातून जाऊ देण्याच्या परवान्यास ‘दस्तक’ अथवा ‘राहदारी’ म्हणत. पुढे महाराष्ट्रात ‘जकात’ हा शब्द नगरपालिकेच्या नाक्यावरील कराला चिकटला. मुंबईतील ती जकात १ जुलै २०१७ रोजी संपली. परदेशातून येणाऱ्या मालावरील करास आता सरकारी भाषेत ‘सीमाशुल्क’ म्हणतात, लोकांच्या तोंडी मात्र ‘कस्टम’ हाच शब्द आहे. सिल्वासाच्या बाबतीत या दोहोंपेक्षा ‘राहदारी’ हा शब्द अधिक महत्त्वाचा ठरला.

याचे कारण भूगोलात आहे. दमण समुद्रकाठी, त्याच्या पूर्वेस वापी व आसपासची गावे ब्रिटिशांच्या, नंतर स्वतंत्र भारताच्या ताब्यात, त्यापुढे दादरा, दादऱ्यानंतर लवाछ्याचा पट्टा पुन्हा ब्रिटिश अथवा भारतीय मुलूख, आणि मग नगर हवेली. नगर हवेलीला स्वतःचा समुद्र नाही आणि दमणशी तिची कोठेही सलग हद्द नाही. दमणहून निघालेली पेटी सिल्वासाला पोहोचेपर्यंत अनेकदा सरहद्द ओलांडत असे. तेव्हा येथील रहिवाशाला वस्तू विकत घेण्याइतकीच ती घरी आणण्याची चिंता असे.

ही विचित्र रचना निर्माण झाली तीही एका समुद्री प्रकरणातून. पेशव्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याच्या भरपाईची मागणी पोर्तुगीज पुण्याच्या दरबारी वारंवार करीत राहिले. पुढे इंग्रजांशी संघर्ष चालू असताना पुणे दरबारास पोर्तुगीजांची मैत्री हवी होती. १७ डिसेंबर १७७९ च्या तहात दमणच्या बाजूस १२,००० रुपये वार्षिक वसुलाची गावे पोर्तुगीजांस लावून देण्याचे ठरले. १७८३ व १७८५ च्या सनदांनी प्रथम नगर हवेलीतील व नंतर दादऱ्याकडील गावांची व्यवस्था झाली. अशा रीतीने एका पकडलेल्या जहाजाच्या बदल्यात आपला हा बहात्तर गावांचा परगणा पोर्तुगीजांच्या हाती गेला.

या सनदांनी नेमके काय दिले, हा वाद पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या न्यायालयासमोर उभा राहिला. मराठ्यांना एखादा मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा असे तेव्हा ते तसे स्पष्ट शब्द वापरीत. या सनदांत तसे शब्द नव्हते. त्यांनी दिला तो जहागिरीचा अथवा सरंजामाचा, म्हणजे वसुलाचा हक्क. राज्याचा नव्हे, असा अर्थ न्यायालयाने मान्य केला. पुणे दरबारच्या कारकुनांनी शब्द तोलून लिहिले होते, त्याचा उपयोग इतक्या वर्षांनी भारताला झाला. मात्र त्याच न्यायालयाने हेही नोंदविले की, १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी या गावांवरील पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्षात मान्य करून टाकली. त्यामुळे दमण व नगर हवेली यांच्यामधील राहदारीचा प्रश्न १८१८ पासून दोन परकीय सत्तांमधील प्रश्न झाला.

इंग्रजांचा दृष्टिकोन समजण्यासाठी दमणच्या बंदराचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू इंग्रजांची नाकी चुकवून दमणच्या बंदरातून चीनकडे रवाना होत असे. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर ती वाट आटली. मिठाचेही तसेच होते. पोर्तुगीज हद्दीतील स्वस्त मीठ आपल्या मुलखात येऊ देणे इंग्रजांच्या मिठावरील कराला घातक होते. येथे एक गोष्ट आठवते. परक्या मिठाला जकातीचा बांध घालण्याची कल्पना इंग्रजांनी नव्याने काढलेली नव्हती. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून पोर्तुगीजांच्या बारदेशातील मिठावर जबर जकात बसविण्यास सांगितले होते, ते आपल्या संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडू नये म्हणून. जकात म्हणजे केवळ खजिन्याची भर नव्हे, हे त्या पत्रावरून स्पष्ट होते.

१८७८ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात एक व्यापक तह झाला. त्याने ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची नाकी उठली, पोर्तुगीज मुलखातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि त्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मुरगावच्या रेल्वेची उभारणीही याच तहाच्या आधाराने झाली. जानेवारी १८९२ मध्ये तहाची मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही, आणि नाकी परत आली. म्हणजे सुमारे बारा वर्षे दमणहून सिल्वासाला येणारी पेटी कोणत्याही नाक्यावर न उघडता आली असेल. त्याआधी आणि त्यानंतर मात्र ती तपासणीस पात्र होती. पुढे १९२४ च्या लँड कस्टम्स अ‍ॅक्टने अशा परकीय प्रदेशांलगतच्या जमिनीवरील नाक्यांचा कायदा पक्का केला.

तथापि या सर्व काळात सामान्य माणसाची व त्याच्या मालाची राहदारी बंद पडली नाही. हेगच्या निकालपत्रात याविषयी जे निष्कर्ष आहेत ते आपण सर्वांनी लक्षपूर्वक पाहावेत असे आहेत. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना दमण व अंतर्भागातील गावे यांच्यामध्ये सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सातत्याने जाऊ दिले जात होते, आणि १९४७ मध्ये मधल्या मुलखावरील सत्ता बदलली तरी ही प्रथा चालू राहिली, असे न्यायालयास आढळले. शस्त्रे व दारूगोळा वगळता मालास सामान्यतः परवानगीची गरज नव्हती. जकातीचे नियम लागू होत. सुरक्षा व महसूल यांसाठी आवश्यक ते नियंत्रण असे. दुसऱ्या महायुद्धात मालाच्या वाहतुकीवर सरसकट बंदी आली, मिठावर बंदी होती, आणि प्रसंगविशेषी मद्य व मद्य गाळण्याचे साहित्य यांवर बंदी आली. परंतु या प्रत्येक बंदीची व्याप्ती व हेतू स्पष्टपणे ठरविलेले होते, आणि त्यापलीकडे मालाला वाट मोकळी होती, असे न्यायालयाने नोंदविले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे यांची गोष्ट निराळी; त्यांना प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागे किंवा परस्पर समझोत्यानेच जाता येई.

खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. ऑक्टोबर १९५३ पासून भारत सरकारने ही राहदारी आवळण्यास प्रारंभ केला, आणि जुलै १९५४ मध्ये दादरा हातचे गेल्यावर पोर्तुगीजांना मधल्या मुलखातून जाण्याची वाट पूर्णपणे बंद झाली. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले आणि त्यानंतर आठच दिवसांनी, २२ डिसेंबर रोजी, त्याने भारताविरुद्ध हेगला दावा दाखल केला. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता राहदारीचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. पण तो हक्क भारताच्या नियमनाखालीच होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्याबाबत असा हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ अशा निसटत्या बहुमताने ठरले. आणि जुलै १९५४ मधील तणाव पाहता भारताने आपली जबाबदारी मोडली नाही, असा कौल ९ विरुद्ध ६ मतांनी मिळाला.

या निकालाकडे आपण आजवर जयपराजयाच्या दृष्टीने पाहत आलो. शस्त्रांना वाट मिळाली नाही, म्हणून मुक्ती टिकली, हे खरेच आहे. परंतु पहिल्या कौलाकडे आपले दुर्लक्ष झाले. जगातील सर्वोच्च न्यायासनाने बंदूक आणि घरगुती पेटी यांत भेद केला, व पेटीच्या बाजूने अकरा न्यायाधीश उभे राहिले. माझ्या मते या प्रदेशाने जागतिक कायद्याला दिलेली ही देणगी आहे. सार्वभौम सत्तेला सरहद्दीवर तपासणीचा, कराचा आणि बंदीचाही अधिकार आहे. पण सामान्य माणसाच्या सामानावर घातलेली बंदी नेमकी असली पाहिजे, तिचा हेतू सांगितलेला असला पाहिजे, आणि तिच्या बाहेरील वस्तूंना वाट मोकळी असली पाहिजे. आपल्या दोन नद्यांएवढ्या मुलखातील शंभर-सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीतून हे सूत्र हेगला पोहोचले.

१९५४ ते १९६१ या काळात मुक्त दादरा व नगर हवेलीचा कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. पोर्तुगीज सत्ता गेली होती आणि विलीनीकरण अजून व्हावयाचे होते. जुन्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ असा छाप उठवून ती वापरली गेली. तिकिटे जमविणारे आजही त्यांच्या शोधात असतात. १९६१ च्या ऑगस्टात दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश भारतात आला, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला दमणही मुक्त झाले. दमण ते सिल्वासा ही वाट प्रथमच संपूर्णपणे एका देशात आली. दमण-सिल्वासा मार्गावरचा परदेशी मालाचा प्रश्न मात्र संपला नाही. फक्त त्याचे ठिकाण बदलले. आता तो किनाऱ्यावर, विमानतळावर आणि टपाल कचेरीत उभा राहिला.

१९६२ चा सीमाशुल्क कायदा १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला आणि १८७८ चा समुद्री जकातीचा व १९२४ चा जमिनीवरील जकातीचा असे दोन्ही जुने कायदे रद्द झाले. परकीय चलनाच्या टंचाईचा तो काळ. परदेशी घड्याळ, ट्रान्झिस्टर, नायलॉनचे कापड यांचे आकर्षण मोठे आणि ती आणण्याच्या कायदेशीर वाटा अरुंद. तेव्हा चोरटी आयात वाढली. दमणचा किनारा त्यासाठी फार गाजला. १९७४ मध्ये चोरट्या आयातीविरुद्ध स्थानबद्धतेचा कायदा आला. सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम पाहिले तर त्या काळाची धास्ती समजते. चोरटा माल म्हणून सोने किंवा घड्याळे जप्त झाली, तर ती चोरटी नाहीत हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ती सापडली त्याच्यावर पडते. अनेक घरांत घड्याळाची पावती दागिन्यांच्या डब्यात का ठेवलेली असे, याचे उत्तर या कलमात सापडते.

त्याच कायद्यात सामान्य प्रवाशाच्या बाजूच्याही तरतुदी आहेत. ७७ व्या कलमानुसार प्रवाशाने आपल्या सामानातील वस्तू जाहीर कराव्यात. ७९ व्या कलमानुसार स्वतःच्या व कुटुंबाच्या उपयोगाच्या, अथवा खऱ्याखुऱ्या भेटीच्या वस्तू नियमांतील मर्यादेपर्यंत शुल्काविना सोडता येतात. ८० व्या कलमाने आयातीस बंदी असलेली किंवा शुल्क लागू होणारी वस्तू खरीखुरी जाहीर केली असेल, तर परतीच्या वेळी नेण्यासाठी ती कचेरीत ठेवून घेण्याची विनंती करता येते. १२४ व्या कलमाने जप्त मालाचे सरकारजमा करणे कारणांची नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय होऊ शकत नाही, आणि १२५ व्या कलमाने दंड भरून वस्तू सोडवून घेण्याचा पर्याय पुष्कळदा मिळतो. राज्य सरकारच्या सेवेत आयुष्य गेल्यामुळे मला असे वाटते की, नागरिकाचा अधिकाऱ्याशी होणारा बराचसा वाद ही कलमे दोघांनीही वाचलेली असती तर झाला नसता.

बंदी आणि सवलत यांच्या सीमा काळाप्रमाणे सरकत गेल्या. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १ एप्रिल २००१ रोजी उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने उठली. परदेशांतून परतणाऱ्या प्रवाशाची शुल्कमुक्त मर्यादा २०१२ मध्ये २५,००० वरून ३५,००० रुपये, २०१४ मध्ये ४५,००० आणि २०१६ च्या नियमांनी ५०,००० रुपये झाली. तिच्यात फेरबदल होत असतात. म्हणून प्रवासास निघण्यापूर्वी चालू नियम पाहणे हेच शहाणपणाचे.

टपालाने अथवा कुरिअरने येणाऱ्या पार्सलाची वाट थोडी वेगळी आहे. प्रवासी स्वतः नाक्यावर उभा असतो, पार्सलाच्या बाबतीत त्याच्यावरचा कागदच बोलतो. वस्तूचे वर्णन, किंमत, विकत घेतलेली की भेट, हे पाठविणाऱ्याने लिहावयाचे. मुंबईसारख्या ठिकाणच्या परदेशी टपाल कचेरीत सीमाशुल्क अधिकारी ते पाहून शुल्क ठरवितात, आणि शंका आल्यास पत्ताधारकाकडून ओळखपत्र व खरेदीची पावती मागवितात. येथे आपल्या कुटुंबांना नडणारा शब्द म्हणजे ‘भेट’. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतच्या खऱ्या भेटींना शुल्कमाफी असे. पण काही परदेशी ऑनलाइन विक्रेते विक्रीचा माल ‘भेट’ म्हणून पाठवू लागले, तेव्हा १२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने ही वाट बंद केली. अपवाद दोनच राहिले: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू या अपवादात नाही, हेही आदेशात सांगितले गेले. पूर्ण शुल्क भरून वस्तू मागविण्यास मात्र आडकाठी नव्हती.

या आदेशाने पुष्कळ आजी-आजोबा नाराज झाले, हे मी ऐकले आहे. न्यू जर्सीच्या नातीने आपल्या कमाईतून पाठविलेल्या स्वेटरावर कर द्यावा लागतो, हे मनाला लागणारच. तरीही हेगचे सूत्र लावले, तर हा आदेश त्याला उतरतो असे मला वाटते. बंदी कशावर आहे ते सांगितले आहे, तिचा हेतू दिसतो आहे, आणि शुल्क भरण्याची वाट मोकळी आहे. तक्रार करावयाची तर ती अशा वेळी करावी, जेव्हा पार्सल अडते आणि का अडले हे कोणी लेखी सांगत नाही. शुल्क मागण्याचा अधिकार सरकारला आहे. कारण मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. मुळात न्यायालयाला मिठावरील बंदी मान्य झाली ती तिच्या स्पष्टपणामुळेच.

जुन्या राहदारीची एक खूण तर आजही आपल्या दारात आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सभोवतालच्या मुलखात मद्यबंदी आली आणि दमण व सिल्वासा तिच्या बाहेर राहिले. १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, तरी ती बंदी तेथे चालू राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याराज्यांतील विक्रीकराची नाकी उठली, २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. पण एकाच प्रदेशाच्या दोन भागांत जाताना वापीच्या रस्त्यावर मद्याची बाटली आजही अडविली जाते. हेगच्या न्यायाधीशांनी नोंदविलेला मद्याचा अपवाद असा अजून जिवंत आहे.

शेवटी मंडळाच्या सभासदांना एक विनंती. १९६० चा निकाल ज्यांवर उभा राहिला ते कागदच होते; सनदा, पत्रव्यवहार, परवाने, नाक्यांवरील नोंदी. पोर्तुगीज अमदानीत दमणहून सामान आणताना मिळालेले परवाने, जकातीच्या पावत्या, १९५४ ते १९६१ मधील छाप मारलेली तिकिटे, साठ-सत्तरच्या दशकांतील सीमाशुल्काच्या पोचपावत्या आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या ट्रंकांत असतील. घरे बदलताना, जुने वाडे पाडताना त्या रद्दीत जातात. राजकीय इतिहास सरकारी दप्तरांत राहील. येथील मराठी कुटुंबांनी काय आणले, किती कर दिला, कोणत्या नाक्यावर थांबले, हा इतिहास मात्र त्या ट्रंकांखेरीज अन्यत्र कोठेही नाही. असे कागद ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्यांच्या प्रती मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात, आणि पुढील पिढीनेही परदेशी पार्सलाबरोबर आलेली पावती वस्तूइतकीच जपून ठेवावी.